छोट्या विमानतळाचा रिमोट टॉवर मान्यतेत नेमका कुठे अडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विमानतळ छोटा, टॉवर जुना, नवा बांधायला पैसे नाहीत. कॅमेरे लावून दूरच्या केंद्रातून नियंत्रण करायचा प्रस्ताव आला आहे. स्वीडनमध्ये हे २०१५ पासून चालू आहे, तरी तुमची नियामक संस्था मान्यता द्यायला खळखळ करते. कॅमेऱ्याला दिसत नाही का, असं तुम्ही विचारलंय. आणि मान्यता येईपर्यंत काय करायचं, हेही.

मी पंधराएक वर्षं टॉवरमध्ये नियंत्रक म्हणून काम केलं. त्यानंतर अशाच बदलांच्या सुरक्षा मूल्यांकनाच्या फायली तयार केल्या आणि इतरांच्या तपासल्या. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. त्यामुळे आधीच सांगतो, कॅमेऱ्याला दिसतं. बऱ्याचदा माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. अडतं ते दुसरीकडेच. नियमांच्या लेखी टॉवर म्हणजे एक इमारत, तिला काच आणि काचेमागे एक माणूस. ही इमारत काढून घेतली की तिच्यावर टेकलेले वीस-पंचवीस नियम अधांतरी लटकतात, आणि त्यातल्या प्रत्येकाची फाईल वेगळ्या टेबलावर असते.

सगळ्यात जाड नियम पाहण्याचा. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, ४४४४ क्रमांकाच्या दस्तऐवजात नियंत्रकाने विमानतळावरच्या आणि आसपासच्या सगळ्या हालचालींवर सतत नजर ठेवावी आणि ती डोळ्यांनी पाहून ठेवावी, असं पूर्वीपासून आहे. कॅमेऱ्यातून पाहणं म्हणजे 'डोळ्यांनी पाहणं' का, यावर बरीच वर्षं काथ्याकूट झाला. २०१८ मध्ये दुरुस्ती आली. पाहणं थेट खिडकीतून असू शकतं किंवा दृश्य टेहळणी प्रणालीतून अप्रत्यक्षही असू शकतं, पण ती प्रणाली संबंधित प्राधिकरणाने या कामासाठी खास मान्य केलेली हवी. ही दुरुस्ती आली तेव्हा लोकांना वाटलं, दार उघडलं. उघडलं खरं, पण किल्ली प्रत्येक देशाच्या नियामकाच्या हातात गेली. 'खास मान्य' म्हणजे काय तपासून मान्य, हे त्या वाक्यात नाही. तुमच्या देशाने स्वतःचे निकष लिहिले असतील तर तुमचं काम निम्मं सोपं. लिहिले नसतील तर तुमचा प्रस्ताव हाच पहिला नमुना ठरणार, आणि पहिल्या फाईलवर सही करायला कोणताही अधिकारी दहा वेळा विचार करतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही केला असता.

युरोपात हे निकष हळूहळू जमत गेले. युरोपीय सुरक्षा संस्था इयासा हिची मार्गदर्शक तत्त्वं २०१५ मध्ये आली आणि २०१९ मध्ये वाढवली गेली. कॅमेरा-पडदा प्रणालीची किमान कामगिरी सांगणारं युरोके या संस्थेचं मानक, ईडी-२४०, २०१६ चं. आता तारखा जुळवून बघा. स्वीडनच्या अर्नशोल्ड्सविक विमानतळाचं नियंत्रण शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या सुंड्सवालमधून २१ एप्रिल २०१५ ला सुरू झालं, मान्यता त्याआधी २०१४ च्या ऑक्टोबरअखेरीस मिळाली होती. म्हणजे तिथल्या नियामकाने तयार मानकाची वाट पाहिली नाही, प्रकल्पाच्या बरोबरीने बसून ठरवलं. जर्मनीत सारब्रुकेनचं काम डिसेंबर २०१८ पासून सुमारे ४५० किलोमीटरवरच्या लाइपझिगमधून होतं, लंडन सिटीचं २०२१ पासून स्वानविकमधून. लंडन सिटी छोटा विमानतळ नाही, पण या सगळ्यांचं एवढ्या लांबून चालतं म्हटल्यावर तुमच्याकडे अंतराचा मुद्दा कोणी काढणार नाही, एवढा उपयोग आहे.

आता 'किती दिसलं पाहिजे' याकडे येतो, कारण निम्म्या बैठका इथेच फसतात. खिडकीतून पाहणाऱ्या नियंत्रकाला आजवर कोणी विचारलं नाही की धावपट्टीच्या टोकाला पडलेला टायरचा तुकडा तुला दिसतो का, किंवा पाच किलोमीटरवरचं दोन आसनी विमान संध्याकाळच्या धुरकट उजेडात कितव्या सेकंदाला दिसतं. वैद्यकीय तपासणीत डोळे ठीक निघाले की झालं. कॅमेरा आला आणि एकदम आकडे हवेसे झाले. विक्रेता पिक्सेल सांगतो, अधिकारी विचारतो, 'हे पुरेसे आहेत हे कशावरून?' आणि खोलीत शांतता पसरते, कारण जुन्या टॉवरमधून किती दिसत होतं ते कोणी मोजलेलंच नसतं.

म्हणून मी सगळ्यांना एकच गोष्ट आधी करायला लावतो. जुना टॉवर उभा असेपर्यंत त्यातून काय दिसतं ते मोजून ठेवा. एक कंट्रोलर, एक वही, ठरलेल्या वेळी ठरलेल्या गोष्टी. सकाळी सूर्य समोर असताना सर्किटमधलं, म्हणजे विमानतळाभोवती फेरी मारणारं, विमान कुठे हरवतं, पाऊस पडताना कोणता टॅक्सीवे (धावपट्टीकडे जायचा विमानांचा रस्ता) दिसेनासा होतो, हॅंगरच्या आडोशाने कोणता कोपरा कधीच दिसत नाही. आपल्या टॉवरला असा आंधळा कोपरा आहे हे लिहून देताना विमानतळाचे लोक कचरतात. लिहा. 'जुन्यापेक्षा वाईट नाही' हा युक्तिवाद करायचा तर जुनं किती वाईट होतं हे कागदावर असायला हवं. तुमच्याकडे आधी टॉवरच नसता तर गोष्ट वेगळी होती. तिथे तुलनेला काही नसतं आणि नियंत्रकाच्या कामांच्या यादीवरून पाहण्याची गरज एकेक करून काढावी लागते. ते काम जास्त लांबतं.

खुद्द चित्राबद्दल नियामकाच्या ज्या शंका असतात त्यातली एक मला पूर्ण पटते. ती म्हणजे गोठलेलं चित्र. एका चाचणीच्या वेळी मी नव्या केंद्रातल्या खुर्चीत बसलो होतो. दुपारची वेळ, विमानतळावर हालचाल शून्य. समोर पडद्यांची भिंत, रिकामी धावपट्टी, गवत, कुंपण. बाजूचा सहकारी बोलत होता, मी ऐकत होतो. थोड्या वेळाने सहज लक्ष गेलं तर विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, आडवा ताठ उभा, तसूभरही हलत नाही. खालच्या पट्टीवर वाऱ्याचा आकडा मात्र उतरत चालला होता. डावीकडचे तीन पडदे केव्हापासून थांबले होते, कोणाला माहीत. शेजारच्या पडद्यांवर गवत हलत होतं, या तिघांवर नव्हतं. मोठ्या विमानतळावर असं झालं तर दोन सेकंदांत कळतं, कारण विमान अर्ध्यावर थांबलेलं दिसतं. छोट्या, शांत विमानतळावर जिवंत चित्र आणि मेलेलं चित्र हुबेहूब सारखं दिसतं. म्हणूनच चित्र थांबलं तर प्रणालीने स्वतःहून, ठळकपणे सांगितलं पाहिजे, ही अट नियामक सोडत नाही आणि सोडूही नये. त्या दिवशी इशारा यायला हवा होता. तो देणारी सोय बसवलेली होती, पण मूळ कॅमेऱ्याकडून येणारा प्रवाह चालू असल्यामुळे तिला सगळं आलबेल वाटत होतं. चित्र थांबलं होतं ते पुढे, पडद्यांना जोडणाऱ्या संगणकात. तेव्हापासून कोणत्याही विक्रेत्याला माझा पहिला प्रश्न असतो: तुमचा इशारा साखळीच्या कोणत्या कडीवर बसलाय?

चित्र उशिरा पोचण्याची मर्यादा त्यामानाने सोपी आहे, कारण तिला आकडा आहे. कॅमेऱ्यासमोर घडलेली गोष्ट पडद्यावर यायला एका सेकंदापेक्षा जास्त वेळ लागू नये. मोजता येतं, दाखवता येतं, विषय संपतो. अवघड ते असतं ज्याला आकडा नाही. उदाहरणार्थ, ३६० अंशांचा देखावा कमी अंशांच्या भिंतीत बसवला की मान किती वळवली म्हणजे विमान कुठे आहे, हे नियंत्रकाचं वर्षानुवर्षांचं गणित चुकतं. किंवा दोन पडद्यांच्या सांध्यावरून जाणारं छोटं विमान क्षणभर डोळ्यांना चकवतं. सवयीने हे जमतं, माझंही जमलं. पण 'सवयीने जमतं' हे फाईलमध्ये लिहायचं तर प्रशिक्षण आणि निरीक्षणाच्या नोंदी लागतात.

मग येतो तारांचा प्रश्न. टॉवरमध्ये वीज गेली, रेडिओ बिघडला तरी नियंत्रक खिडकीतून बघू शकतो आणि सिग्नल दिव्याने विमानाला हिरवा किंवा लाल प्रकाश दाखवू शकतो. दूरच्या केंद्राची जोडणी तुटली तर त्याच्यापुढे काळा पडदा. म्हणून दोन स्वतंत्र मार्ग मागतात, आणि 'स्वतंत्र' या शब्दावर घोडं अडतं. एका फाईलमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन लाइन दाखवल्या होत्या, करार जोडलेले, सगळं नीट. मी नकाशा मागितला. तो यायला तीन आठवडे लागले, आणि आला तेव्हा दिसलं की दोन्ही केबल एकाच पुलावरून एकाच नळीतून जात होत्या. एका जेसीबीचं काम होतं. विमानतळाच्या लोकांनी फसवलं नव्हतं, त्यांनाही माहीत नव्हतं. दोन बिलं येतात म्हणजे दोन रस्ते आहेत, असा त्यांचा समज होता. छोट्या विमानतळाला हे फार महाग पडतं, कारण तिथे मुळात एकच रस्ता आलेला असतो. दुसरा मायक्रोवेव्हने किंवा उपग्रहाने न्यावा लागतो, आणि मग उशिराचा तो एक सेकंद पुन्हा डोकं वर काढतो.

सिग्नल दिव्याचा उल्लेख केला, त्याचीही गंमत आहे. आयकाओच्या चौदाव्या परिशिष्टात नियंत्रित विमानतळावर सिग्नल दिवा 'कंट्रोल टॉवरमध्ये' हवा, असं लिहिलंय. टॉवरच नसेल तर? व्यवहारात तो कॅमेऱ्याच्या खांबावर बसवतात आणि दुरून फिरवतात, कोणालाच त्यात गैर वाटत नाही. पण शब्दशः नियम मोडतोच, म्हणून सवलतीचा अर्ज, समतुल्य सुरक्षेचं टिपण, आणखी एक टेबल. आणि तो कॅमेऱ्याचा खांब? तोही अडथळा म्हणून तपासला जातो. धावपट्टीजवळ उंच काहीही उभं करताना अडथळा मर्यादेचे पृष्ठभाग, म्हणजे ज्यांच्या वर काही जाऊ नये अशा हवेतल्या काल्पनिक पातळ्या, बघावे लागतात, विमानाला उतरताना वाट दाखवणाऱ्या आयएलएस या रेडिओ यंत्रणेच्या लहरींना त्रास होतो का ते बघावं लागतं. जिथून सगळ्यात छान दिसतं तीच जागा नेमकी चालत नाही, असा अनुभव मला दोनदा आलाय.

माणसांचा भाग. नियंत्रकाचा परवाना हा नुसता परवाना नसतो, त्यावर त्या विमानतळाची स्वतंत्र नोंद लागते. दुरून काम करायला त्या पद्धतीचं वेगळं प्रशिक्षण आणि नोंद हवी. इथपर्यंत ठीक. खरा वाद आहे तो एका माणसाने एकाच वेळी दोन-तीन विमानतळ सांभाळण्यावर. नियंत्रकांची आंतरराष्ट्रीय संघटना इफाट्का हिचं धोरण याच्या विरोधात आहे. दोन ठिकाणी एकाच वेळी काहीतरी घडलं तर एक माणूस पुरा पडेल का, हा प्रश्न रास्त आहे. तुमच्या प्रस्तावातला आर्थिक हिशेब मात्र, मी पैज लावतो, इथूनच आलेला असणार. एका विमानतळाला एक नियंत्रक ठेवलात तर इमारतीचा खर्च वाचतो, पगाराचा फारसा नाही, आणि वरून जोडणी, कॅमेरे, देखभाल यांचा खर्च येतो. खरी बचत एकाला अनेक विमानतळ दिल्यावरच होते, आणि मान्यता सगळ्यात कठीण त्याचीच. मी असे प्रस्ताव पाहिलेत ज्यात मान्यता मागितलेली असते एका विमानतळाची आणि खर्चाचा तक्ता मांडलेला असतो तीन विमानतळांचा. अधिकारी मूर्ख नसतो, त्याला तक्ता वाचता येतो. मग तो आजच तिन्हीचं उत्तर मागतो, आणि तुम्ही म्हणता, खळखळ करतो.

इथे एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्याकडे पूर्ण नियंत्रण सेवा आहे की नुसती माहिती सेवा? नॉर्वेने ऑक्टोबर २०१९ मध्ये रोस्ट बेटावरच्या विमानतळाचं काम बोडोच्या केंद्रातून सुरू केलं, ते माहिती सेवेचं होतं. तिथे वैमानिकाला वारा आणि वाहतुकीची माहिती दिली जाते, उतरायची परवानगी दिली जात नाही. जबाबदारीची वाटणी वेगळी, म्हणून मान्यतेचं ओझंही हलकं. तुमच्या विमानतळावर दिवसाला मोजकीच नियोजित विमानं येत असतील आणि प्रशिक्षणाची सर्किटं, हेलिकॉप्टरं यांची सरमिसळ नसेल, तर हा पर्याय गंभीरपणे तपासा. सरमिसळ असेल तर नको.

आता ज्या प्रकरणामुळे मी एवढं लांब लिहायला बसलो ते अमेरिकेचं. व्हर्जिनियातल्या लीसबर्ग विमानतळावर रिमोट टॉवर २०१८ पासून प्रत्यक्ष वाहतुकीसाठी वापरात आला. २०२१ मध्ये तिथल्या नियामक संस्थेने, एफएएने, तो कामकाजाच्या दृष्टीने व्यवहार्य असल्याचा निर्णयही दिला. म्हणजे नियंत्रक काम करत होते, वैमानिक वापरत होते, नियामक म्हणत होता की चालतंय. तरी जून २०२३ मध्ये तो बंद झाला. वापर मान्य असणं आणि यंत्रणेच्या रचनेला कायमची मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रचनेला मान्यता देण्याच्या अटी प्रकल्प उभा राहिल्यानंतर स्पष्ट होत गेल्या, आणि त्या पूर्ण करण्याची वाट यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीने पुढे चालली नाही. त्यानंतर एफएएने नव्या प्रणाली आधी अटलांटिक सिटीजवळच्या आपल्या तांत्रिक केंद्रात तपासण्याचा रस्ता धरला. नियामकाच्या बाजूने पाहिलं तर ते समजतं. एखाद्या विमानतळाच्या जिवावर कशाला प्रयोग करायचे? विमानतळाच्या बाजूने पाहिलं तर पाच वर्षं चाललेली सोय हातची गेली.

म्हणून तुमच्या प्रस्तावावर माझं मत असं: निविदा काढायच्या आधी नियामकाकडून एक कागद मिळवा. मान्यता नको, ती इतक्यात मिळणारच नाही. कागद असा हवा, की कोणत्या मानकाच्या कोणत्या आवृत्तीवर तपासणार, यंत्रणेची मान्यता कोण देणार आणि कार्यपद्धतीची कोण देणार, पुरावा म्हणून काय चालेल, आणि मधेच मानक बदललं तर जुन्यावर चाललेल्या प्रकल्पाचं काय होईल. शेवटचा मुद्दा लिहून द्यायला ते नाखूश असतात. तिथेच चिकाटी धरा. निविदेतही विक्रेत्याने ही मान्यता मिळवून देणं हा कामाचा भाग असला पाहिजे आणि पैशाचा मोठा हप्ता तिच्याशी बांधलेला असला पाहिजे. 'प्रणाली अमुक देशात मान्य आहे' या वाक्यावर हप्ता सोडू नका. तिथला विमानतळ, तिथली हवा, तिथल्या तारा वेगळ्या असतात. परदेशातल्या मान्यतेने अधिकाऱ्याचं मन तयार होतं, फाईल होत नाही.

त्यानंतर सावलीतलं काम. जुना टॉवर चालू ठेवून नव्या केंद्रात दुसरा नियंत्रक तेच बघतो, पण काहीच बोलत नाही, फक्त नोंदतो. टॉवरला दिसलं आणि मला दिसलं नाही, मला आधी दिसलं, इथे शंका आली. यात सगळ्या ऋतूंचा उजेड यायला हवा. आमच्याकडे एकदा कोरड्या दिवसांतल्या नोंदींवर अर्ज केला होता, तो परत आला आणि पावसाळा संपेपर्यंत थांबावं लागलं. राग आला होता. पुढे पहिल्याच मोठ्या पावसात खांबावरचे दोन कॅमेरे थेंबांनी भरले आणि काच साफ करायच्या हवेच्या झोताची दिशा चुकलेली निघाली, तेव्हा उतरला.

राहिला शेवटचा प्रश्न, तोवर काय करायचं. जुना टॉवर अगदीच मोडकळीला आला असेल तर फिरता टॉवर भाड्याने मिळतो का बघा. ट्रेलरवर बसवलेली काचेची खोली. दिसायला गरीब, उंची कमी, उन्हात तापतो. पण त्याला खिडकी आहे आणि खिडकीमागे माणूस, त्यामुळे नियमांच्या लेखी तो सरळ टॉवर आहे आणि त्याच्या मान्यतेला वर लिहिलेल्यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. लीसबर्गमध्ये रिमोट टॉवर बंद झाला तेव्हा नियंत्रक उठून अशाच ट्रेलरमध्ये जाऊन बसले आणि वाहतूक चालू राहिली.